दह्याची पेटी

झाकण उघडलं आणि तापलेल्या तव्यावर वाकावं तशी गरम हवा तोंडावर आली. आत मुलगी होती. अंग लालबुंद, ओठ सुकलेले, हातपाय सैल. रडत नव्हती. पेटीत दोऱ्यानं टांगलेल्या थर्मामीटरचा पारा एवढा चढला होता की आकडा वाचायला मी थांबले नाही. दोन्ही बल्ब लख्ख पेटलेले होते. ते असे सलग पेटून राहायला नकोत. टक् आवाज होऊन विझायचे, थोड्या वेळानं टक् आवाज होऊन पुन्हा पेटायचे, त्या आवाजाची घराला सवय झाली होती. तो टक् बराच वेळ ऐकू आला नाही म्हणून तर मी गॅसवरचं दूध तसंच टाकून धावले होते. मुलीला उचललं. दोन तळहातांत मावायची ती. पाठ नुकत्या उतरवलेल्या भाकरीसारखी लागली हाताला.

“दादा! तुझी पेटी भाजतेय पोरीला!”

दादा बाल्कनीतून आला. त्यानं आधी भिंतीतला प्लग ओढला आणि मग मुलीकडे पाहिलं. शैलावहिनी तापानं फणफणलेली, भिंत धरत धरत खोलीच्या दारापर्यंत आली. “जिवंत आहे ना?” तिनं विचारलं. कोणालाच माहीत नव्हतं. बाबा टीव्हीसमोरून उठून आले होते. मागे टीव्हीवर कुठल्याशा साबणाची बाई गात होती आणि तो बंद करायचं कोणाला सुचलं नाही. मी दुपटं सोडलं, रुमाल भिजवून मुलीच्या कपाळाला, मानेला, तळव्यांना लावत राहिले. “पाणी गार नको घेऊस, कोमट घे,” दादा म्हणाला. “तू गप्प बस,” मी म्हणाले. त्या घरात मोठ्या भावाला मी असं कधी बोलले नव्हते. रुमाल तिसऱ्यांदा की चौथ्यांदा पिळला, तेव्हा तिच्या घशातून बिजागरी कुरकुरावी तसा आवाज आला आणि मग ती रडायला लागली. वहिनी दारातच मटकन खाली बसली. स्वयंपाकघरात दूध उतू जाऊन गॅस विझला होता. वास आला तेव्हा बाबांनी जाऊन बटण बंद केलं.

ती पेटी मुलीसाठी केलेली नव्हती. दह्यासाठी केलेली होती.

पहाडगंजच्या भाड्याच्या दोन खोल्या सोडून आम्ही नोएडाला आलो, तेव्हा सेक्टरला नंबर होता आणि बाकी काही नव्हतं. समोर अर्धी बांधलेली घरं, त्यांच्या पलीकडे मोहरीची शेतं, संध्याकाळी कोल्हे ओरडायचे. पण बाबांना निवृत्तीनंतर स्वतःचं छप्पर हवं होतं आणि दादाची टीव्हीची फॅक्टरी तिथून जवळ होती, म्हणून आलो. आई गेली तेव्हा मी चौथीत होते. पाचवीचं दप्तर मी घेतलंच नाही. शाळा सोड असं मला कोणी म्हणालं नाही आणि जा असंही म्हणालं नाही. कणीक कोणीतरी मळायला हवी होती. नोएडाला आलो तोवर मी वीस-एकवीस वर्षांची झाले होते आणि घर माझंच होतं, म्हणजे कामाच्या बाबतीत. दादाचं लग्न होऊन वहिनी नागपूरहून आली तेव्हाही ते तसंच राहिलं. ती बँकेत जायची. बी.एस्सी. झालेली, बोलायला तिखट, पण माझ्या स्वयंपाकात तिनं कधी लुडबूड केली नाही. आमचं बरं चाललं होतं.

दिल्लीकडच्या थंडीत दही लागत नाही. पहाडगंजला खोल्या एकमेकींना चिकटलेल्या, माणसांच्या उबेनं तरी लागायचं. इथे चारी बाजूंनी वारा. पातेलं घोंगडीत गुंडाळा, कणकेच्या डब्यात ठेवा, सकाळी आपलं दूध ते दूध. बाबांना ताकाशिवाय जेवण जायचं नाही आणि ते रोज वाटीकडे असं बघायचे की जणू मीच ते बिघडवलंय. एकदा दादा म्हणाला, “कुसुम, मी तुला पेटी करून देतो. आत बल्ब, आत किती गरम आहे ते मोजायला एक कण, आणि वर एक चिप. चिप सांगेल तेव्हा बल्ब पेटेल, सांगेल तेव्हा विझेल. दही लागलंच पाहिजे.” दादाला तो नाद होता. नोकरीत दिवसभर टीव्हीचे बोर्ड, घरी आला की स्वतःचे. डायनिंग टेबलाचं एक टोक त्याचं होतं. तिथे त्याचा कॉम्प्युटर, सोल्डरचा धूर, तारांचे तुकडे आणि काळ्या स्पंजात खोचलेल्या चिपा असायच्या. वाढताना मला आधी बघावं लागायचं की ताट कशावर ठेवतेय.

तेव्हा परदेशातला माल नुकता यायला लागला होता. आमच्या खालच्या मजल्यावर बत्राजी राहायचे. त्यांचं लाजपतराय मार्केटमध्ये सुट्या भागांचं दुकान होतं आणि नवं काही आलं की पहिल्यांदा दादाला दाखवायला ते वर यायचे. रविवारी सकाळी पोह्यांच्या वेळेला यायचे. पोह्यांवर टोमॅटो सॉस घालून खायचे, मला बघवायचं नाही. “इंजिनियर साहब, दही जमाने के लिए कंप्यूटर? हमारी बीजी सुनेगी तो हँस-हँसके मर जाएगी,” ते म्हणायचे (बीजी म्हणजे त्यांची आई), पण चिपेवरून वाद घालायला तेच सगळ्यांत पुढे. टेबलावर दोन चिपा होत्या. नावं मला सांगता येणार नाहीत, मी त्यांना पायांवरून ओळखायचे. एक चाळीस पायांची, लांब, पोटावर काचेची खिडकी. फॅक्टरीत एक निळा दिवा होता, त्याखाली ती ठेवली की तिच्यात लिहिलेलं पुसलं जायचं आणि नवं लिहिता यायचं. दुसरी अठरा पायांची, छोटी, अगदी नवीन. तिला दिवा लागत नव्हता, विजेनंच पुसायची. बत्राजी छोटीच्या बाजूचे. दादा मोठीच्या, कारण मोठी त्याच्या हातातली होती आणि तिचा कंपायलर त्याच्याकडे होता.

कंपायलर म्हणजे काय ते मी विचारलं होतं. दादा म्हणाला, “मी सी नावाच्या भाषेत लिहितो, ते जवळजवळ इंग्रजी असतं. चिपला ते कळत नाही. कंपायलर मधला दुभाष्या. माझं घेतो आणि चिपच्या भाषेत करून देतो.” तो दुभाष्या त्याला नेहरू प्लेसच्या कॉम्प्युटर बाजारात फ्लॉपीवर मिळाला होता. नमुन्याचा होता, म्हणजे अमुक एवढ्या लांबीपर्यंतच काम करायचा, पुढे नाही. छोट्या चिपेला दुभाष्या मिळत नव्हता. तिला सगळं तिच्याच भाषेत, एकेक पाऊल सांगावं लागायचं. “सी में लिखोगे तो पता ही नहीं चलेगा अंदर क्या बना,” बत्राजी म्हणाले. “इसमें जो लिखोगे, वही चलेगा। और इसके अंदर चौकीदार भी है।” चौकीदाराचं त्या दिवशी कोणी मनावर घेतलं नाही. दादा हसला. “दही है, बत्राजी। तिजोरी नहीं।” मोठी ठरली. पेटी झाली. दही असं लागलं की वडी पाडावी. बाबा खूश झाले आणि बत्राजींच्या बीजीनं वाटीभर मागवून घेतलं.

त्याच हिवाळ्यात वहिनीला सातव्या महिन्यातच कळा आल्या आणि मुलगी झाली. नर्सिंग होममधल्या डॉक्टरीणबाई म्हातारी आणि स्पष्ट बोलणारी होती. अपुऱ्या दिवसांच्या बाळांना ठेवतात ती काचेची पेटी तिच्याकडे नव्हती. जिथे होती तिथे एकेकीत दोन-दोन बाळं ठेवलेली, आणि तिथे नेलंत तर आजार घेऊन याल, असं ती म्हणाली. “घर ले जाओ। गरम रखो। न कम, न ज़्यादा। दूध रुई से।” दादानं त्याच दिवशी माझं दह्याचं पातेलं बाहेर काढलं, पेटी उकळत्या पाण्यानं पुसली, हवेसाठी भोकं पाडली, खिडकीवाली चिप फॅक्टरीत नेऊन तिच्यातला दह्याचा आकडा पुसला आणि मुलीचा लिहिला. मला ते पटलं नव्हतं. पण कापसात गुंडाळलेल्या पोरीचे पाय निळे पडत होते आणि पेटीत ठेवल्यावर ते गुलाबी झाले, तेव्हा मी गप्प बसले. वहिनीला घरी आल्यावर ताप भरला तो उतरेना. दूध ती काढून द्यायची, मी कापसाची वात भिजवून पोरीच्या ओठांत पिळायचे. घरात सगळे हळू बोलायचे. रात्रंदिवस तो टक् तेवढा.

आणि मग ती संध्याकाळ आली, जी वर लिहिली.

मुलगी शांत झाल्यावर दादा पेटीशी बसला. त्याला कारण सापडायला वेळ लागला नाही. थंडीत दिवेलागणीला सगळा सेक्टर हीटर लावतो, व्होल्टेज बसतं, ट्यूबलाईट नुसती फडफडते. त्या वेळी लाईट धड जात नाही आणि धड असतही नाही. चिप त्यात भांबावते. पुन्हा व्होल्टेज आलं तरी ती ठिकाणावर येत नाही, जिथे अडकली तिथे अडकून राहते. अडकली तेव्हा बल्ब चालू होते, ते चालूच राहिले. हे त्यानं वहिनीच्या पलंगाशी उभं राहून सांगितलं, साहेबासमोर उभं राहावं तसं.

“हे तुम्हाला आधी माहीत नव्हतं?” वहिनी म्हणाली.

“अडकली तर पुन्हा सुरुवातीपासून चालू व्हायचा एक तुकडा मी लिहिला होता. कंपायलरच्या मर्यादेत बसेना. काढून टाकला.”

“काढून टाकलात.”

“दह्यासाठी लिहीत होतो तेव्हा काढला, शैला. दह्याला काय, नासलं तर नासलं. मग मुलीसाठी फक्त आकडा बदलला. तो तुकडा डोक्यातच आला नाही. तो असता तरी भागलं असतं की नाही, सांगता येत नाही.”

 वहिनीनं तोंड भिंतीकडे केलं. बाबा उठले, टीव्हीमागचा स्टॅबिलायझर सोडवला, वायर गुंडाळली आणि तो जड डबा दोन्ही हातांनी उचलून पेटीशेजारी आणून ठेवला. क्रिकेटच्या सामन्यांचे दिवस होते.  दादा म्हणाला, “बाबा, एवढं खाली गेलेलं व्होल्टेज हाही उचलू शकत नाही.” “असू दे,” बाबा म्हणाले.

पुढच्या दोन रात्री आणि मधला दिवस मी मुलीला छातीशी ठेवून, वरून शाल घट्ट बांधून बसून काढले. आता डॉक्टर सांगतात की अशा बाळाला उराशी धरणं हेच सगळ्यांत चांगलं, त्याला काहीसं इंग्रजी नावही आहे. आम्हाला तेव्हा कोणी सांगितलं नव्हतं. मला एवढंच कळत होतं की दुसरं माणूस नाही. वहिनीच्या अंगात ताप, पुरुषांना द्यायचा धीर होईना. स्वयंपाक बाबांनी केला. खिचडी, आणि पुन्हा खिचडी. बत्राजींच्या बीजीनं सरसोंचा साग पाठवला, तो मी एका हातानं खाल्ला. दुसऱ्या पहाटे मला डुलकी लागली. जाग आली तेव्हा शाल सुटून मुलगी कुशीत घसरली होती, तोंड माझ्या दंडाखाली. श्वास चालू होता. पण मला कळून चुकलं की तिसरी रात्र मी जागू शकणार नाही. हे मी सगळ्यांना सांगितलं. अंधार पडायच्या आत काहीतरी करा, नाहीतर ही माझ्याखाली गुदमरेल, असं स्पष्ट सांगितलं.

दादा तोवर मार्केटला जाऊन आला होता. टेबलावर पुन्हा दोन चिपा. चाळीस पायांची, तिच्या शेजारी बाहेरून पहारा करणारी आणखी एक बारकी चिप. आणि अठरा पायांची, जिच्या पोटातच चौकीदार होता. चौकीदाराचं काम सोपं. चिपेनं थोड्या थोड्या वेळानं त्याला हजेरी द्यायची. हजेरी चुकली की चौकीदार तिला हलवून पहिल्यापासून सुरू करतो. वहिनी उशीला टेकून बसली होती, शाल डोक्यावरून घेतलेली.

“मोठी तुमच्या हातातली आहे. तिचा कंपायलर आहे. हिचं तुम्हाला काही येत नाही,” ती म्हणाली. “येत नाही ते कशाला घेता?”

“जे येत होतं त्यानंच भाजली ना तिला.” दादा म्हणाला. “कंपायलर आत काय करतो ते मी वाचत नाही. चाललं की झालं, असं करत आलो. हिच्यात दुभाष्या नाही. ओळ न् ओळ मी लिहीन, ओळ न् ओळ तुला दाखवीन. समजली नाही तर काढून टाक.”

“अंधार पडायच्या आत?”

“जेवढं लागतं तेवढंच लिहायचंय. गरम झालं, विझव. गार झालं, पेटव. हजेरी दे.”

बत्राजी दारात उभे होते, चपला हातात. “भाभीजी, मैं चौदह साल से पुर्ज़े बेच रहा हूँ। गीज़र का थर्मोस्टैट भी लाया हूँ। चिप पागल हो गई तो ये तार काट देगा। दो-दो चौकीदार।” मग दादाकडे वळून, “साहब, उस दिन पोहा खाते हुए बोला था कि नहीं?” दादा म्हणाला, “बोला था.” बत्राजींचं तोंड पडलं. त्यांना टोमणा मारायचा होता, एवढा लागेल असं वाटलं नव्हतं.

दादा कॉम्प्युटरशी बसला. लिहिलेलं एकेक पान तो वहिनीच्या पलंगावर ठेवत गेला आणि ती तापात वाचत गेली. दोनदा तिनं बोट ठेवून विचारलं, एकदा त्याला चूक सापडली, एकदा नाही. मला त्यातलं काही कळत नव्हतं. मी मुलीच्या नाकाशी बोट धरून बसले होते.

उन्हं उतरली तेव्हा चिप पेटीत बसली. मुलीच्या जागी पाण्याचा स्टीलचा पेला, तिच्याच दुपट्यात गुंडाळून ठेवला. टक्. पेटला. टक्. विझला. बाबा मेन स्विचशी स्टुलावर उभे. दादा म्हणायचा “बंद”, बाबा बंद करायचे. “चालू”, चालू करायचे. दर वेळी पेटी पुन्हा टक् करून सुरू झाली. पण ते धड जाणं आणि धड येणं होतं. आम्हाला वाट बघायची होती ती दिवेलागणीची. स्टॅबिलायझर दादानं मुद्दामच लावला नाही. सेक्टरमध्ये एकेका घरात हीटर लागायला लागले. ट्यूब पिवळी झाली, मग फडफडली, मग नुसतीच टोकांना लाल राहिली. पेटीतले बल्ब मेणबत्तीएवढे झाले. आणि टक् थांबला.

कोणी हललं नाही. ट्यूब पुन्हा उजळली. पेटीतले बल्ब लख्ख झाले आणि तसेच राहिले. वहिनीनं माझा दंड धरला, नखं रुतली. मी मनात म्हटलं, झालं, हीही तसलीच. तेवढ्यात टक्. बल्ब विझले. दादानं थर्मामीटर पाहिला आणि ढोपरांत डोकं घातलं.

“पुन्हा,” वहिनी म्हणाली.

व्होल्टेज कोणाच्या सांगण्यावरून बसत नाही, त्यामुळे पुन्हा वाट पाहिली. त्या संध्याकाळी ते बरेचदा बसलं. चौकीदार प्रत्येक वेळी थोडा उशिरा जागा झाला, पण झाला. मग बत्राजींनी आणलेलं थर्मोस्टॅट जोडलं, मग बाबांचा स्टॅबिलायझर. दादा उठला आणि पेल्याचं दुपटं सोडवायला लागला, पण त्याला गाठ सुटेना. “मी नाही ठेवणार तिला,” तो म्हणाला. “माझ्याच्यानं होणार नाही.” वहिनी माझ्याकडे बघत होती. माझा त्या पेटीवर विश्वास बसला होता असं मी म्हणणार नाही. पण माझे हात दुखून बधिर झाले होते आणि पहाटेची ती डुलकी मला आठवत होती. मी मुलीला आत ठेवलं, झाकण लावलं, आणि बाबांना म्हणाले, “पहिली पाळी तुमची. टीव्ही लावायचा नाही.”

त्यानंतर पेटीपाशी माणूस नाही असं कधी झालं नाही. ज्याची पाळी त्यानं फक्त ऐकायचं. थर्मोस्टॅटला तार कापायची वेळ आली नाही. थंडी ओसरेपर्यंत, मोहरी पिवळी होऊन वाळेपर्यंत, मुलगी त्या पेटीत वाढली. एक दिवस तिचे पाय लाकडाला लागायला लागले, तेव्हा तिला बाहेर काढलं. शैलावहिनीचा ताप त्याच्या आधीच उतरला होता. दोघी जगल्या.